धाकलीची उपकारस्तुती

३ फेब्रु., रविवार
चर्चमधी पाळकसाहेब म्हणाले, रानात पिको न पिको, पुढच्या रविवारी सुगीचा सण करायचाच. ज्याच्याकडं जे हाय ते वेदीपुढं आणायचं. तोवर रोज एका तरी गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे. मी इथंच लिहीत जाईन. उ. म्हंजे उपकार.
सणाचं गाणं दरसाल मीच उचलते, लग्न होऊन आले तवापासून. तेवढं तरी माझंच हाय.
उ. — दुष्काळाच्या छावणीत जनावराला चारा मिळतोय. पण तो सोसायटीचा, देवाचा कुठं!

४ फेब्रु.
धाकली जाऊ एस्तेर उठल्या उठल्या सुरू. "देवा, तुझे उपकार, टँकर आला. देवा, तुझे उपकार, गाय उठून उभी राहिली." नवरा ऊसतोडीला, त्याचा धड फोन न्हाई, आणि हिला कशाकशाचं कौतिक! सांजच्याला शेजारच्या पालातल्या बाया तिच्यापाशी येऊन बसतात. ख्रिस्ती न्हाईत त्या, तरी. "एस्तेरबाई, माझ्या लेकीसाठी बी मागा की." मला कोण विचारतंय? मी आपली मिश्री घाशीत बसले.
उ. — सुचंना.

६ फेब्रु.
म्हैस आटली. डेअरीवर चेअरमन म्हणाला, "थोरल्या बाई, किटली रिकामी?" आणि वर, "जाऊबाईची गाय कवा व्यायची?" तोंडात मारल्यासारखं झालं.
गुडघे टेकले, पण प्रार्थना येईना. आधी नुसतं देवाचं नाव घेतलं तरी डोळे भरायचे. आता पाठ केलेलं तेवढं येतंय, तेबी अर्ध्यात थांबतंय. आणि पलीकडं ती खुशाल देवाशी गप्पा मारतीया.
उ. — राहू दे.

८ फेब्रु.
गाय व्याली. कालवड. अख्खी छावणी गोळा. मीबी हसले, दात दिसण्यापुरती.
"आक्का, वासराचं पोट भरलं की बाकीचा चीक देवाला. सणाला खरवस करू."
झालं! पहिलं फळ तिचं. माझ्या सुपात काय, धसकटं? ह्यांना आष्टीच्या बाजारातून ज्वारी आणायला लावली. नवी, टपोरी.
उ. — लिहीत न्हाई.

१० फेब्रु., रविवार. सण.
वेदीपुढं कुणाची दोन अंडी, कुणाचं शेवग्याच्या शेंगांचं जुडगं, एस्तेरचा खरवस. मधी माझं ज्वारीचं सूप. पाळकीणबाई म्हणाल्या, "अगं बया, नवी ज्वारी? कुठल्या रानातली?" सगळे बघाया लागले. ज्वारी तर यंदा कुणाच्याच रानात न्हाई, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.
एस्तेर म्हणाली, "आक्काच्या भावानं धाडली, दिंद्रुडावरनं."
माझ्यासाठी चर्चमधी खोटं बोलली. लाज राखली. त्यानं तर जास्तच आग झाली.
मग गाणं. उभी राहिले आणि आवाज फुटंना. तिनंच उचललं, बेसूर. तरी सगळे तिच्यामागं. माझं गाणं!

१२ फेब्रु.
एस्तेर आली, खाली बसली. "आक्का, तुमी घरी धार काढताना गात हुता. छावणीत आल्यापासून बंद केलं. ते ऐकून मला प्रार्थना यायची. आता मीबी आतून कोरडी हाय. नुसती तोंडानं रेटतीया. थांबले तर परत सुरूच व्हायचं न्हाई, असं भ्या वाटतंय. उद्या म्हणा की."
खरं लिहायचं तर आधी बरं वाटलं. हिचंबी आटलंय! मग माझीच मला शिसारी आली.
म्हटलं, "घसा बसलाय."
उ. — लिहिलं, खोडलं.

१३ फेब्रु.
धारेच्या वेळी तीच गात हुती. दुसऱ्या ओळीला असली घसरली की ऐकवंना. शेवटी मीच उचललं. सूर चुकत हुता म्हणून, दुसरं काय न्हाई. ती गप झाली. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून धार काढत राहिली. मी सगळी कडवी म्हटली. शेवटच्या कडव्याला डोळे भरले, लई दिसांनी.
पालाआडनं ऐकून बाया म्हणाल्या, "एस्तेरबाई, आज तुमची प्रार्थना ग्वाड झाली बगा."
एस्तेरबाई! तिची! परत जीव जळाला.
उ. — एस्तेर.
अजून खोडलं न्हाई.