आधी नमस्कार कुणाला

आबा, काल मी इंग्लंडची नागरिक झाले. हसू नका. तुमची तिसरीत शाळा सोडलेली लेक इरकली नेसून कौन्सिलच्या हॉलमध्ये इंग्रजीत शपथ घेऊन आली. नातीनं ती देवनागरीत लिहून दिली होती, मी भाजी परतता परतता पाठ केली. दोनदा भाजी करपली, ते असू दे.

तर समोर दोन साहेब उभे. एकाच्या गळ्यात ही एवढी सोन्याची माळ, दुसरा साध्या सुटात, छातीवर छोटासा बिल्ला. नात म्हणाली होती की राणीतर्फे एक माणूस येतो. मला वाटलं, माळवालाच असणार. गेले आणि वाकून नमस्कार केला. तो बिचारा गोंधळून स्वतःच वाकला. मागून नात कुजबुजली, “आजी, तो मेयर! कौन्सिलचा! राणीचा माणूस तिकडे आहे.”

“मग ह्याच्याकडे काय असतं?”

“कचऱ्याचे बिन्स, रस्ते, सगळं.”

“आणि त्याच्याकडे?”

“काहीच नाही. ओन्ली सेरेमनी.”

आबा, मला तिथंच तुमचा फेटा दिसला. संस्थान विलीन झालंय, दाखले, जमिनी, भांडणं सगळं मामलेदारांकडे गेलंय, तरी दसऱ्याला तुम्ही फेटा बांधून, माझं बोट धरून दरबाराला निघालाय. सोनं आधी महाराजांना, मग मामलेदारांना. आणि मी भर चौकात, मामलेदारांच्या मुली ऐकत असताना म्हणते, “आबा, राजाला आता कोण विचारतंय? उगाच वाकता.” सगळे हसले. तुम्ही आपट्याची पानं हातात तशीच धरून म्हणालात, “पोर आहे, तिला काय कळतंय.” पुढच्या दसऱ्याला एकटेच गेलात. त्यापेक्षा एक धपाटा घातला असतात तर बरं झालं असतं.

इथं आमच्या शेजारी एक गोरी म्हातारी आहे. पत्त्यात आमच्या वेम्बलीपुढं अजून मिडलसेक्स लिहिते. नात सांगते, मिडलसेक्स ही काउंटी, म्हणजे आपला जिल्हा म्हण, कधीच मोडली, आता कारभाराला कौन्सिल आणि मानपानाला सगळ्या लंडनची मिळून एक काउंटी. म्हणजे मिडलसेक्स ना कचरा उचलायला, ना सलामीला. मी म्हातारीला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, मग लिहिता कशाला? म्हणाली, “माय फादर रोट इट, डिअर.” मी घरात जाऊन तिच्यासाठी दोन बेसनलाडू घेऊन आले. 

तर काल, चुकलेला नमस्कार पुरा करायला मी त्या बिल्लेवाल्याकडे गेले नि चांगली कमरेत वाकले. नात लाजून लाल. “आजी, उगाच काय वाकतेस? त्याला काही पॉवर नाही!” आजूबाजूची आपली माणसं हसली. मी म्हटलं, “पोर आहे...” आणि पुढचं तोंडातून निघेना. बिल्लेवाल्याला काही समजलं नाही, पण त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. चांगला माणूस.

पाकिटावर तुमच्या गावापुढं संस्थानाचं नाव लिहिलंय, तुम्ही लिहायचात तसं. टपालात टाकून काय उपयोग, राहू दे उशीखाली. फक्त एक सांगते, आबा. मला कळत होतं. मामलेदारांच्या मुलींनी मला खेळायला घ्यावं, म्हणून बोलले मी.