घरचीच

पेण, ६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. रंभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि. फोनवर बोलले तर बाबांच्या पापडांच्या कारखान्यातल्या बायका लाटणी थांबवून ऐकतात, म्हणून रोह्याला येणाऱ्या टेम्पोतून हे पत्र.

मागे तू विचारलंस, अर्थशास्त्र शिकून पापड गोल होतो का? नाही होत. पण घरातली पहिली पदवीधर मी, आणि पुण्याच्या एका संस्थेत माझी निवड झालीय. घरच्या बायका दिवसभर जे काम करतात, ज्याची कुठेच मोजदाद नाही, त्याची पाहणी करायची. सोमवारी, सतरा तारखेला हजर व्हायचंय. बाबा म्हणतात, ऐन हंगामात तुझ्या पोळपाटावर कोण बसणार? कारखान्यातल्या चंद्रावतीकाकूंच्या सुनेला मजुरीवर बसवा म्हटलं, तर घरची पोर असताना बाहेरची कशाला, म्हणाले. ऐकलं तर ते तुझंच ऐकतील.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
दिशा

वरसे (रोहा), ९ फेब्रुवारी

चि. दिशास अनेक आशीर्वाद.
अगो, रडतेस काय! शुक्रवारी मी येते, बसते तुझ्या पोळपाटावर. तुझ्या काकांना कंपनीत सेकंड शिफ्ट हाय, त्यांचा डबा सासूबाई कुरकुरत का होईना, करतील.

दादाला फोन केला. मजुरी काय देशील विचारलं, तर हसत सुटला. म्हणाला, तू तर घरचीच. जमिनीच्या कागदावर माझी सही घेतली तेव्हा मी दिल्या घरची होते, पापड लाटायला मात्र घरची! हे तुझ्या पुस्तकात कुठल्या धड्यात येतं, ते पुण्याहून कळव. दादा नाय म्हणाला नाय, म्हणजे व्हय समज. बॅग भर.

दोन घास जास्त खात जा, एवढंच मागणं.
तुझी आत्या

पेण, १२ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास सा. न.
बॅग भरली होती. काल बाबा खुशीत घरी आले. तू येणार म्हणून त्यांनी पनवेलच्या व्यापाऱ्याची लग्नसराईची जादा ऑर्डर घेतलीय. माझ्या पोळपाटाशेजारी नवा पोळपाट मांडलाय. आत्या माझ्या जागी येतेय, असं मी म्हटलं. ते म्हणाले, जागी कशाला, जोडीला, दोघी घरच्याच. मग मी सगळ्यांसमोर मजुरी मागितली. चंद्रावतीकाकूंसकट सगळ्या हसल्या. बाबा तर डोळे पुसेपर्यंत हसले.

हा धडा पुस्तकात होता, आत्या. फुकटचे हात वाढले की काम वाढतं, आधीचे हात सुटत नाहीत. परीक्षेत मी तो छान लिहिला, आणि तुझं पत्र वाचताना साफ विसरले.

माझा सोमवार गेला. तू येऊ नकोस. निदान त्या नव्या पोळपाटावर तरी बाबांना कुणाला मजुरी देऊन बसवावं लागू दे. टेम्पो आज उशिरा सुटतोय. हे पत्र तू निघायच्या आत पोचू दे.

लोभ कर, पण तिकडूनच.
तुझी, आणि इथली घरचीच,
दिशा