गोलात बोललेलं गोलातच

९ जानेवारी २०१८, एडमंटन

होदान बोलली! इतके मंगळवार हाताची घडी घालून नुसती बसायची. वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला नव्या माणसांना हीच सोमाली बाई शिकवते, आणि सुपरवायझर होतो तो हिनेच शिकवलेला गोरा. "मी अप्लाय केलं तर म्हणाले, कस्टमर्सना तुझा अ‍ॅक्सेंट कळणार नाही. कसले कस्टमर? आमच्याकडे खोकी येतात!" सगळे हसले. ती हसली नाही.

कंपनीने मला बोलावलंय ते यासाठीच — लोकांचा विश्वास का उडाला ते शोधायला. खुर्च्या गोलात, मॅनेजमेंटचं कोणी नाही, आणि नियम एकच: गोलात बोललेलं गोलातच. वर काय जायचं ते शेवटी, ज्याचं त्याला विचारून.

११ जानेवारी

उणे एकतीस. मिसिसागाच्या घरून नवऱ्याचा, नंदनचा फोन. "बेसमेंटचा हीटर चालू झाला, काळजी करू नकोस." मागून अक्षरा — "मिस यू आई, गॉट टू गो!" संपलं. घरी जायला अजून मार्च उजाडायचाय. दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतो. कोणीतरी नुसतं "काय गं, जेवलीस का?" विचारावं, एवढंच वाटतं.

१४ जानेवारी, संक्रांत

मिलिंदकडे जेवायला. कंपनीचा एचआर मॅनेजर, नागपूरचा. त्याच्या बायकोने, गौरांगीने, पाटवडी रस्सा केला होता. "ताई, अजून वाढू?" — डोळ्यांत पाणीच आलं. तिखटावर खपवलं. दुपारभर मराठी!

बोलता बोलता गोलाचं निघालं. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, रात्रपाळीची एक बाई आहे, सगळ्यांना शिकवते आणि तिलाच डावलतात. मिलिंद म्हणाला, "अरे बापरे. बघतो मी." गुणाचा आहे. तिळगूळ खाल्ला, गोड बोललो.

२३ जानेवारी

होदानची बदली केली! दुसऱ्या इमारतीत, परत आलेला माल तपासायला. मिलिंद म्हणतो, "तिच्या भल्यासाठीच, ताई. त्या सुपरवायझरपासून लांब. वर कळायच्या आत मिटवलं."

मिटवलं म्हणे! आज खुर्च्या मांडून बसले. कोणीही आलं नाही.

२४ जानेवारी

एचआर मॅनेजरला मी हे सांगितलं असतं? मेले असते तरी नाही. पण सांगितलं ते गौरांगीच्या स्वयंपाकघरात, मराठीत. मराठीत बोललेलं बाहेर जातं हे मनातच आलं नाही. आपल्या माणसाशी बोलणं म्हणजे स्वतःशीच बोलणं — ही माझी अक्कल! आणि मी लोकांना विश्वास शिकवते.

२७ जानेवारी

होदानला मॉलमध्ये भेटले. सगळं सांगितलं — कुठे बोलले, कोणाशी, कुठल्या भाषेत. तिने कॉफीला हात लावला नाही.

"म्हणजे तुला घराची आठवण येत होती."

हो म्हटलं.

"मलाही येते. मी कोणाला विकलं नाही."

उठून गेली.

३० जानेवारी

डायरेक्टरला स्पष्ट सांगितलं. नियम मी मोडला, बदली त्यामुळे झाली. ती रद्द करा, नाहीतर मी निघते. संध्याकाळपर्यंत रद्द झाली.

मिलिंदचा मेसेज: "आपल्याच माणसाला तोंडघशी पाडलंत, ताई." गौरांगी फोन उचलत नाही. त्या घराची फार आठवण येते. चूक कळली तरी येते.

२ फेब्रुवारी

पार्किंगमध्ये मिलिंद गाडीवरचा बर्फ खरवडत होता. मी मान खाली घालून निघाले, तर हाक मारली.

"मीसुद्धा वर्षानुवर्षं याच पोस्टवर आहे, ताई. वरची जागा निघाली की मला म्हणतात, यू आर सो गुड विथ पीपल. घरी कधी बोललो नाही." खरवडतच राहिला. मग म्हणाला, "मंगळवारी माझ्यासाठी खुर्ची ठेवाल का?"

म्हटलं, खुर्च्या माझ्या नाहीत. विचारावं लागेल.

६ फेब्रुवारी

होदान आली, आणखी तिघांना घेऊन. मिलिंदचं विचारलं. तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"येऊ दे," म्हणाली. "पण तुम्ही दोघांनी इंग्लिशमध्येच बोलायचं. एकमेकांशीसुद्धा."