अमृतरावांचं वायंडिंगचं दुकान कोणाला द्यावं

अंगण झाडलं, पाणी भरलं, भाकरी टाकल्या आणि यजमानांचा डबा घेऊन दुकानावर गेले. यजमान म्हणजे अमृतराव. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणि पंखे, आत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरून, ते चालू करीत. दुकानासमोर आमच्या गल्लीतल्या सपना आणि ज्योती उभ्या होत्या. नुकत्याच दहावी झालेल्या.

"काका, आमाला मोटार भरायला शिकवा," सपना म्हणाली.

माझे दीर उत्तमराव तिथंच चहा पीत होते. "पोरी मोटारी भरून राहिल्या तर पोरांनी काय भाकरी थापायच्या?"

"थापू दे की," अमृतराव म्हणाले. "तुला तरी गरम मिळंल."

त्याला सात वर्षं झाली. आज मी, चांगुणा अमृतराव पाईकराव, वय एकसष्ट, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. मी शाळेत गेले नाही. कोणत्या मोटारीला किती वेढे, ते अमृतरावांच्या वहीत बघून त्यांना सांगता सांगता वाचायला शिकले. शुद्धलेखन चुकलं असेल तर अर्थ बघावा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझा मुलगा प्रज्ञेश आणि सून पुनम यांना द्यावी. पुनमनं माझ्या आजारपणात महिनाभर रजा काढली होती, हे मी विसरलेले नाही.

२. स्टँडजवळचं दुकान आम्ही दोघांनी कमावून घेतलं आणि ते माझ्या नावावर आहे. प्रज्ञेश पुण्याहून म्हणतो, "आई, मोबाइलवाल्याला भाड्यानं दे, बसून खा." त्याचं म्हणणं काळजीचं आहे. तरीही हे दुकान, वायंडिंगची मशीन आणि सगळी हत्यारं मी सपना सोनाजी खिल्लारे आणि तिच्यासोबत शिकलेली ज्योती यांना देते. अट एकच, शिकवणं बंद पडू नये.

शिकवण्याची रीत अमृतरावांनी घालून दिलेलीच राहावी. फी नाही. शिकणाऱ्यानं भरलेला पहिला पंखा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तो शाळेत, अंगणवाडीत नाहीतर दवाखान्यात फुकट बसवायचा आणि त्याच्याखाली स्वतः तासभर बसायचं. ज्योतीचा पहिला पंखा उलटा फिरला, हवा सगळी वर. अंगणवाडीच्या रुख्मिणीबाई म्हणाल्या, "पोरी, छताला उकडून राहिलं का गं?" ज्योती तासभर घामात बसली आणि मगच उठून जोडणी बदलली. आजवर अकरा जण असे बसले. दर उन्हाळ्याआधी हीच पोरंपोरी गावातल्या शाळांचे पंखे दुरुस्त करतात.

अमृतराव गेले तेव्हा मी चार महिने शटर उघडलं नाही. त्यांची पक्कड दुसऱ्याच्या हातात बघवणार नाही असं वाटे. पोरी बाहेर ओट्यावर बसून एकमेकींना शिकवत राहिल्या. माझी ती चूक झाली. म्हणून मी गेल्यावर दुकान एकच दिवस बंद ठेवावं.

३. अमृतराव गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप बांधायला नेलेली आमची शिडी उत्तमरावांनी अजून दिलेली नाही. सपनानं ती परत आणावी. भांडू नये. रोज चहाच्या वेळी जाऊन मागावी.

४. अमृतरावांची वही प्रज्ञेशला द्यावी. पोरींनी उतरवून घेतली आहे. त्यात मधल्या पानांवर त्याच्या लहानपणाच्या उंचीची मापं आहेत.

दुकानाचं त्याला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. बापाचं दुकान बाहेर दिलं म्हणून तो तुटेल, ही एकच भीती मला आहे.

हे लिहिलेलं मी पुन्हा वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चांगुणा अमृतराव पाईकराव
साक्षीदार: १. संतराम बोंढारे (सही) २. हिरासिंग राठोड (सही)
ठिकाण: आखाडा बाळापूर. दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

दिनांक १५: आज सकाळी प्रज्ञेशला फोन लावला आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत हे सगळं त्याला वाचून दाखवलं.