हरणटोळाच्या पोटातला जंत

२ एप्रिल, सकाळ.
आजपासून नातीच्या संशोधनाला हातभार. विषय: रानातल्या सापांच्या आतड्यांतले जंत. सून म्हणाली, हा शब्द जेवणाच्या टेबलावर नको. लोकांना ज्ञानाची गोडीच नाही. गाड्यांखाली मेलेले साप नात कॉलेजात उघडते, जंत स्पिरिटच्या छोट्या बाटल्यांत भरून घरी आणते. प्रत्येक बाटलीत चिठ्ठी टाकायची: साप कोणता, सापडला कुठे. चिठ्ठ्या मी लिहिणार. शाळा सातवीपर्यंत, पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवून दाखवावीत.

३ एप्रिल.
नात म्हणाली, पेन्सिलीनंच लिहा. बरं म्हटलं. पण पेन्सिल म्हणजे पोरखेळ, कुणीही खोडावं. माझी काळी शाई काढली. चौदा बाटल्या. हरणटोळ सापाचा ‘ह’ असा उतरला, की आतल्या जंतालाही मान वाटावा.

९ एप्रिल.
स्पिरिट जांभळट झालंय. जंत रंग सोडत असावेत. माझं स्वतंत्र निरीक्षण. नातीला सवडीनं सांगू.

१० एप्रिल, दुपारी २.
जंत नाही, शाई रंग सोडते. चौदाही चिठ्ठ्या कोऱ्या.

दुपारी ४.
घाबरण्यासारखं काही नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे. सुनेच्या आत्याचं नाव विसरतो, ते मुद्दाम. स्पिरिट बदललं, पेन्सिलीनं नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. अकरा बाटल्यांची खात्री. बरं, सहांची. बाकीच्यांना जंताचा चेहरा बघून साप दिला.

२१ एप्रिल.
नात उड्या मारतच आली. माशांमधून सापाच्या पोटात जाणारा जंत म्हणे हरणटोळात सापडला. हरणटोळ राहतो झाडावर, त्याला मासे देणार कोण? तिचे सर थक्क. परिषदेत वाचायचं ठरलं. मला मिठी मारून म्हणाली, आबा, तुमचा हातगुण. जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

२२ एप्रिल.
शांतपणे विचार केला. झाडावर बसून बसून हरणटोळालाही कंटाळा येत असेल. एखाद दिवशी उतरला असेल पाण्याकडे. तरी उद्या सांगून टाकतो.

२३ एप्रिल.
नातीचं डोकं दुखतंय. आज नको.

२४ एप्रिल.
डोकेदुखी थांबली. इतकी खुशीत होती, की आज तर नकोच.

२८ एप्रिल.
सून म्हणाली, बाबा, अन्नावरची वासना उडालेली दिसते, जंताचं औषध आणू का? नात खो खो हसली. मीही हसलो. नाइलाज.

२ मे.
परिषद परवा. नात आरशासमोर भाषणाची तालीम करत होती. म्हणाली, कुणी विचारलंच बाटल्यांची अदलाबदल झाली नाही ना, तर ठणकावून सांगेन, चिठ्ठ्या आमच्या आबांच्या हातच्या आहेत.
मग राहवेना. सांगितलं. शाई, कोऱ्या चिठ्ठ्या, जंतांचे चेहरे, सगळं.
ती म्हणाली, "चौदाच्या चौदा?"
मान हलवली. सहांची खात्री आहे म्हणायला तोंड नव्हतं. तिनं एकेक बाटली उचलून खोक्यात ठेवली. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. मग सरांना फोन. मी दाराआड.
"नाही सर, चूक माझी. मी तपासायला हवं होतं."

२६ मे.
परिषद हुकली. दोन वर्षांच्या कामातून चौदा साप वजा करून प्रबंध छापून आला. पहिल्याच पानावर आभार, त्यात मी, तिच्या आईबापाच्याही आधी. म्हटलं, पुढच्या प्रतींतून मला काढ. ती म्हणाली, "काढलं तर आई विचारेल, का काढलं." आणि कामाला लागली.
सून आल्यागेल्याला ते पान दाखवते, मला हाक मारते. मी झोपलो आहे असं नातीनं सांगायचं ठरलंय.