बारा महिन्यांचं एकच पान

तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम
संक्रांत तोंडावर. (तारीख सुनेला विचारली तर ती म्हणते कॅलेंडर पाहावं लागेल, आणि सारं रामायण कॅलेंडरचंच आहे, म्हणून तारीख राहू द्या.)

अमरावतीच्या मानाच्या विहीणबाई पंचफुलाबाई यांना चतुराबाईचा नमस्कार. वाकून करणार होते, पण गुडघे नाही म्हणाले. वाकला आहे असं समजून घ्यावा. तुमच्या कंबरेला आराम पडला असेल. जावईबापूंचा खोकला गेला असेल. आमची लेक तुम्हाला त्रास देत नसेल (देत असली तर कळवू नका, तिला मीच तसं शिकवून पाठवलं आहे). आम्ही इकडं बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे.

पत्र माझं, अक्षर सूनबाई निकिताचं. मी शाळेच्या बाजूनं गेले ती फक्त शेण वेचायला. निकिता बारावी शिकलेली आहे. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. वाचताना म्हातारी पुण्याला राहून आली असं वाटलं तर घाबरू नका. फोन काहून केला नाही म्हणाल, तर तुमच्याकडं फोन वाजला की नातू स्पीकर लावतो, आणि विहिणीचं विहिणीशी बोलणं सगळी कॉलनी चहा घेत ऐकते. हे बोलणं त्यातलं नाही.

मोठी बातमी ही की तुमच्या व्याह्यांचा फोटो छापून आला, आणि छापून आल्याआल्या अडकला. मंगरूळपीरच्या मदनसिंगच्या खत-बियाण्याच्या दुकानात कॅलेंडरचे गठ्ठे सुतळीसकट पडून आहेत आणि हे घरात भिंतीकडं तोंड करून बसले आहेत. ताट समोर ठेवलं तर 'ठेव' म्हणतात, उचललं तर 'उचल' म्हणतात. ते कॅलेंडर लोकांच्या घरी गेलं नाही तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं मारुतीच्या पारावर बोलून आले. तुम्ही म्हणाल, चतुराबाईला सुख झालं असेल. झालं असतं, पण कॅमेरा सुटला की हा माणूस दिवसभर घरात राहील, आणि ते मला या वयात झेपणार नाही.

मुळापासून सांगते. नाताळच्या सुट्टीत तुम्ही लेकरांना घेऊन आलात तेव्हा यांचं अर्धंच पाहिलं. पाहुण्यांसमोर आवरून होते. आयुष्यभर विजेच्या खात्यात लाईनमन. खांबावर चढून पाखरांची घरटी काढून टाकायची हेच काम (घरटं तारेला टेकलं की गावाची लाईट जाते). रिटायर झाले आणि त्याच पाखरांच्या मागं हात जोडून हिंडायला लागले. मी म्हणते, आधी त्यांची माफी मागा, मग फोटो मागा. थंडीत कोंबड्याच्या आधी उठतात. डोक्यात कानटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर माझी जुनी शाल. एवढं गुंडाळल्यावर एकच डोळा उघडा राहतो आणि कॅमेऱ्याला तेवढाच लागतो म्हणतात. कॅमेऱ्याची पुढची नळी पितळी तांब्याएवढी. तिला दवानं बुरशी लागते, म्हणून माझ्या लोखंडी कपाटातली लुगडी पत्र्याच्या पेटीत गेली आणि कपाटात कॅमेरा निजतो, उशाशी बल्ब जळत असतो. कपाट उघडलं की देव्हारा उघडल्यासारखं वाटतं. एकदा अर्धवट झोपेत मी हातही जोडले.

पाखराला माणूस दिसू नये म्हणून हिरव्या जाळीचं कापड पांघरून हरभऱ्यात दबून बसायचं, ही यांची पद्धत. तुम्ही येण्याच्या आधी शेजारच्या रामसिंगनं हरभरा हलताना पाहिला, डुक्कर समजला आणि गोफणीतून गोटा सोडला. मांडीवर लागला. दुसरा कोणी बोंबलला असता. हे गप्प राहिले, कारण समोर पाखरू बसलं होतं. रामसिंग शपथेवर सांगतो, काका एकदा ओरडले असते तर म्या दुसरा मारलाच नसता.

सुट्टीत लेकरांचे फोटो काढतो म्हणून रोज त्यांना ओट्यावर उभं करत, नवे कपडे घालायला लावत, आणि नेमकं वरून काही उडालं की कॅमेरा वर. सगळ्या सुट्टीत आपल्या नातीचा एक कोपर आला आहे. फार स्पष्ट आला आहे. हवा असल्यास पाठवते.

आता बोक्यांचं सांगते, कारण पुढचा घोळ समजायला ते लागतं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कॅमेरा घेऊन चुलीपाशी आले आणि म्हणाले, 'चतुरे, पाह्य, या फोटोत बोके कसे आले!' मी पदरानं डोळे पुसून पाहिलं. खांबावर एक नीळकंठ, बाकी सगळं हिरवं-पिवळं. बोका एकही नाही. यांचं वय झालं असं मी समजले आणि गल्लीत सांगितलं की यांच्या फोटोत बोके येतात, ते फक्त यांनाच दिसतात. बायका बघायला आल्या. भुरीबाई तर दूध झाकून आली. तेव्हा यांनी सगळ्यांना समजावलं की समोरची वस्तू लख्ख दिसते आणि मागचं सारं धुक्यासारखं विरघळतं, त्या विरघळण्याला इंग्रजीत बोके म्हणतात आणि ते जमायला तपश्चर्या लागते. भुरीबाई म्हणाली, 'अवो भाऊजी, मंग माह्या चष्म्यातून रोजच बोके दिसतात.'

तर त्याच फोटोची ही गोष्ट. रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेताच्या तारेत झटक्याचा करंट सोडतात ना, त्या तारेच्या खांबावर नीळकंठ बसलेला (हे त्याला नीलपंख म्हणतात, पाखरू दोन्ही नावांना ओ देत नाही). निळी शेपूट, डोळ्यात उन्हाचा ठिपका. खरं सांगते, चांगला आहे. गारठ्यात दम धरून पाखराची वाट कशी पाहिली ते यांनी पारावर इतक्यांदा सांगितलं की ऐकणाऱ्यांना सर्दी झाली. मदनसिंग दरसाल गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतो, एकाच मोठ्या कागदाचं. खाली बारा महिने आणि वर बर्फाचा डोंगर, जिथं त्याचं खत कोणी टाकणार नाही. छापखान्याची घाई सरल्यावर छापतो, म्हणून ते नेहमी संक्रांतीला निघतं. या वर्षी त्यानं यांचा नीळकंठ पाहिला आणि म्हणाला, काका, डोंगर बंद, यंदा तुमचं पाखरू. त्या दिवशी यांनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. साखर विसरले, पण दिला.

नमुन्याची चार पानं आधी हाती आली. एक घरी लावलं, एक मारुतीच्या देवळात, एक अंगणवाडीत आणि एक यांच्या कपाटात, कॅमेऱ्याला पाहायला. बायका जमल्या आणि विहीणबाई, पाखराकडं एकीनंही पाहिलं नाही. नीळकंठाच्या शेपटीच्या मागं, त्या विरघळलेल्या धुक्यात, हरभऱ्यात उकिडवी बसलेली एक बाई आहे. एका हातात खुडलेली कोवळी भाजी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, आणि गाल असा फुगलेला की दातदुखी म्हणायलाही जागा नाही. तोंड नीट दिसत नाही, कारण डोक्यावर टोपी आहे. अंगात पोपटी रंगाचा टोपीवाला स्वेटर आहे. असा स्वेटर आपल्या तालुक्यात एकदाच आला होता, आणि तो अमरावतीहून तुमच्या अंगावर आला होता. कोपऱ्यात यांनी हौसेनं तारीख छापून घेतली आहे. भुरीबाईनं बोटांवर मोजलं. गुरुवार. मार्गशीर्षातला.

मी तुम्हाला बोल लावत नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरचा कोरा चहासुद्धा नको म्हणालात, आमच्या बायकांना पूजा कशी मांडावी, उपवास कसा सोडावा ते तासभर शिकवलंत, आणि मी मान हलवत ऐकलं. भूक कोणाला लागत नाही? दवानं आंबटसर झालेली हरभऱ्याची कोवळी भाजी पाहून ऋषीमुनींचं मन हललं असतं. आमच्या गल्लीत गुरुवारची कहाणी मी तोंडपाठ सांगते, कोणाचा उपवास लागला आणि कोणाचा मोडला याचा निवाडाही माझ्याकडंच येतो, म्हणून साऱ्याजणी माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. मी एवढंच म्हटलं, पाहुणी आहे, अमरावतीचं पाणी वेगळं, झाकून टाका. मोठ्या मनानं म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

पण झाकायचं कसं? बातमी मंगरूळपीरला पोचली आणि मदनसिंग घाबरला. सोयरिकीतली बाई, तिचा मोडलेला उपवास बारा महिने घराघरात टांगायचा, उद्या ती दुकानासमोर येऊन उभी राहिली तर? तो म्हणतो, बाईवर खताच्या पोत्याचं चित्र चिकटवतो. पण बाईच्या पुढंच पाखराची शेपूट आहे. बाई झाकली की शेपूट जाते. हे म्हणाले, शेपूट गेली का ते नीलपंख नाई, कोंबडी हाय. मग तो म्हणाला, डोंगर तयार आहे, संक्रांतीच्या बाजारापर्यंत पाहतो, नाही तर हे गठ्ठे रद्दीत. तेव्हापासून हे भिंतीकडं तोंड करून आहेत, आणि भिंतीवर तेच कॅलेंडर आहे.

लेकरांच्या गालांना माझा हात लावा. लेकीला सांगा, तीळ भाजताना फोन बाजूला ठेव. तुमच्या घरच्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणं नमस्कार किंवा आशीर्वाद वाटून द्या. कमी पडले तर माझ्या नावावर अजून घ्या.

तुमची,
चतुराबाई

ता. क. मदनसिंगचा नंबर निकितानं पाठीमागं लिहिला आहे. तुम्ही त्याला एवढंच म्हणायचं, 'हो, ती मीच, माझी हरकत नाही.' शेपूट वाचेल, आणि एक म्हातारा ताटावर बसेल. मोठ्या घरच्या बाईला यात कमीपणा नाही.

ता. क. दुसरा. इहीनबाई, अक्षर बदललं हे तुमाले समजलंच असन. निकिता दळन आनाले गेली, तवर अंगनवाडीच्या सुकेशनीले बोलावून हे लिवून घेऊन राह्यली. ही मी बोलते तसंच लिवते. आतापावतर तुमचा राग उतू गेला असन, कारन त्या सकायी तुमी हरभऱ्यात गेल्याच नोत्या हे तुमाले ठाऊक हाय, अन मलेबी ठाऊक हाय. गारठा लय होता. तुमी गोधडीत होत्या, सोटर खुंटीवर होतं. म्हटलं, इहिनीचं सोटर आंगाले कसं लागते ते त पाहू. भाजी खुडाले गेली. भाकर कुत्र्यासाठी नेलती. कुत्रं आलं नाई. आता अन्न फेकाव काय, सांगा? हे गल्लीत कबूल केलं त पुढच्या सालापासून एक बाई उपास धरनार नाई, अन कहानी भुरीबाई सांगन. तिले अर्धीच येते. सुकेशनी म्हनते, 'काकू, भाजी-भाकरच त खाल्ली, कोनाचं काय लुटलं?' तिच्या घरी हे गुरुवार नाईत, म्हनून तिलेच बोलावलं. आमच्या यायले त पत्ताच नाई. मी पुसलं, मांगं कोन बसली हाय वो? त म्हने, मी पाखराच्या डोयाकडं पाहून राह्यलो होतो. इतकी वर्सं संसार केला अन घरची बायको ओयखू आली नाई! तुमी एक डाव हो म्हनजा. तुमचं नाव इकडं खराब झालं त मी हळूहळू सुधरवीन. माह्यं खराब झालं त सुधरवाले कोनी नाई. हे वाचून फाडजा.

ता. क. तिसरा (व्याही उकंडरावांचे अक्षर). विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवले होते. मोटारसायकलवर मंगरूळपीरला येईतो उघडले. पोस्टातल्या डिंकाने पुन्हा चिकटवत आहे, त्याआधी वाचणे झाले. आपण मदनसिंगला हो म्हणावे ही माझीही विनंती. मी तिला ओळखले नाही असे तिला वाटते, ते तसेच राहू द्यावे. त्या दिवशी मी पाखरासाठी बसलो नव्हतो. ती आपला स्वेटर घालून निघाली, रंग तिला खुलत होता, म्हणून मागून गेलो. फोटो तिचा घेत होतो. बटण दाबायला आणि नीलपंख मधे येऊन बसायला एकच गाठ पडली, आणि कॅमेऱ्याने त्याला धरले. ही गोष्ट मदनसिंगला कळू नये. तो मला पाखरांचा फोटोग्राफर समजतो.