थोराने धाडलेली दुर्बीण

विलो बेंड, मोंटाना
१२ एप्रिल १९८६

प्रिय थोरास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या बटाट्याच्या पोळ्या पोचल्या. अर्ध्या टपालात मोडल्या, उरलेल्या मर्विनने मोडल्या. त्याने तुला नमस्कार सांगितला आहे, आणि पुढच्या वेळी लोणी जरा सढळ हाताने लाव असंही.

आता कामाचं. मी बंदूक विकायची म्हणतो. हसू नकोस. आमचे जोडीचे सामने तुला ठाऊक आहेत: एकाने पालथं पडून गोळ्या झाडायच्या, दुसऱ्याने शेजारी बसून दुर्बिणीतून कागदावरचं भोक पाहायचं आणि गोळी कुठे लागली ते सांगायचं. तरुणपणापासून मी झाडतो आणि मर्विन सांगतो. त्याची ती जर्मन दुर्बीण म्हणजे गावाची शान. तो तिची जेवढी काळजी घेतो तेवढी माझी घेत नाही, असं त्याची बायको लूएला म्हणते. पण गेल्या हिवाळ्यापासून माझा नेम पार बिघडलाय. मर्विन सांगेल तशी मी बंदुकीवरची नेमाची कळ फिरवतो आणि गुण कमीच होत जातात. मागच्या शनिवारी आम्ही शेवटून पहिले आलो. गंमत अशी की भोकं सगळी एका जागी असतात, कोंबडीने एकाच कोपऱ्यात अंडी घालावीत तशी. फक्त तो कोपरा मधोमध नसतो. म्हातारपण, दुसरं काय.

विकण्याआधी माझी पापं एकदा माझ्याच डोळ्यांनी पाहावीत म्हणून स्वतःची दुर्बीण घ्यावी म्हणतो. स्वस्तातली. इथे दुकानात नुसतं विचारलं तरी मर्विनच्या कानावर जाईल आणि तो रुसेल. तू शहरात आहेस. शंभर यार्डांवर वाटाण्याहून लहान भोक दिसलं पाहिजे, एवढंच त्यांना सांग.

तुझ्या मायेवर आणि पोळ्यांवर हक्क सांगणारा,
एर्लंड


डुलूथ
३ मे

चि. एर्लंड यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानदाराने विचारलं, काय बघायचं आहे. मी सांगितलं, माझ्या भावाला त्याची पापं बघायची आहेत. तो म्हणाला, मग मोठ्या भिंगाची घ्या. मी म्हटलं, तो एवढा कर्तबगार नाही, लहान चालेल.

मग त्याने सगळ्यात स्वस्तातली खिडकीत मांडून दिली. समोरच्या बेकरीत एक गृहस्थ लिंबाची पेस्ट्री खात होते. त्यांनी कडा काढून रुमालात लपवल्या तेसुद्धा मला दिसलं. दुकानदार म्हणाला, फार मोठं करून पाहिलं की अंधारतं, तेव्हा बेतानेच वाढवा. कडेला जरा धुरकट आहे, मधोमध मात्र लख्ख. तिपाई नवजात वासरासारखी लटपटते, तिच्या पायांवर वाळूची पिशवी ठेव.

बंदूक विकू नकोस. विकलीस तर शनिवारी तुम्ही दोघं करणार काय? लूएलाच्या स्वयंपाकघरात बसून तिला कॉफी करायला शिकवाल आणि ती तुम्हाला हाकलून देईल.

दुर्बीण लोकरी चड्डीत गुंडाळून पाठवते आहे. चड्डीही तुझ्यासाठीच आहे, वापर.

तू म्हातारा झालास तरी तुझी मोठीच असलेली,
थोरा


विलो बेंड
२४ मे

प्रिय थोरास,
सा. न. वि. वि.

चड्डी नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांसमोर उलगडली गेली, त्याबद्दल आभार. मर्विनने दुर्बीण हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, चंद्र बघायला बरी आहे, चंद्र जवळ आला तर.

पण तुला फसवलं गं. ही उलटं दाखवते. मर्विन म्हणतो गोळी खाली डावीकडे, ही दाखवते वर उजवीकडे. दर वेळी हेच. कागद आणल्यावर मी म्हटलं, बघ, भोकं वर उजवीकडेच आहेत. तो म्हणाला, कागद उलटा धरलायस. सगळी गोल वर्तुळं, त्या कागदाला वर कुठलं आणि खाली कुठलं? मर्विनच्या दुर्बिणीला आजवर कोणी खोटं पाडलेलं नाही, तेव्हा ही बदलून आण.

बाकी क्षेम. मर्विन हल्ली फार विनोदी झालाय. रविवारी चर्चच्या दारात कोट टांगायच्या खुंटाळ्याला वाकून म्हणाला, सुप्रभात पास्टर. निघताना खऱ्या पास्टरच्या ट्यूलिपांवरून ट्रक नेला. आम्ही घर येईपर्यंत हसत होतो.

राग आला तरी पत्र धाडत जा.
तुझा,
एर्लंड


डुलूथ
२ जून

चि. एर्लंड यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानात गेले नाही, जाणारही नाही. पेस्ट्री खाणारे ते गृहस्थ खुर्चीवर बसले होते, छताला लोंबत नव्हते. दुर्बीण सरळ दाखवते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. अरे, खुंटाळ्याला कोणी थट्टेने नमस्कार करेलही, पण ट्यूलिपांवरून ट्रक कोण थट्टेने नेतं? तुझी भोकं एका जागी आहेत म्हणजे तुझा हात ठीक आहे. तुला जागा कोण सांगतं? आणि तुला मैदानावर, लूएलाला बाजारात ट्रकमधून कोण नेतं?

तू त्याच्याशी बोल. नाहीतर मी लूएलाला लिहीन.

काळजीत असलेली,
थोरा


विलो बेंड
१६ जून

प्रिय थोरास,
सा. न. वि. वि.

तुझा आधी राग आला. मर्विनला आंधळा म्हणणारी तू कोण, असं वाटलं. तरी शनिवारी ट्रकात बसलो तो दाराची मूठ घट्ट धरूनच. तो मला मासेमारीच्या गोष्टी सांगत होता आणि मी त्याच्या वतीने रस्ता पाहत होतो.

वारा होता. माझ्या कमरेमुळे कागद लावायला नेहमी तोच जातो. लावून आला. मी पालथा पडलो, पहिली गोळी झाडली. तो म्हणाला, नऊ, किंचित डावीकडे. मी तुझ्या दुर्बिणीला डोळा लावला. कागदच नव्हता. टाचण्या कागदाच्या बाहेर लाकडातच मारल्या असणार. माझी गोळी सुटता सुटताच कागद उडून गेला होता. रिकामी चौकट, आणि तिच्यातून मागचा मातीचा बांध दिसत होता.

मला काय करावं सुचेना, थोरा. थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. म्हणून दुसरी झाडली. तो म्हणाला, दहा. मग मी सगळ्या गोळ्या संपवल्या आणि पुढच्या प्रत्येक गोळीला तो दहाच म्हणत गेला. शेवटी म्हणाला की अशी नेमबाजी तू कित्येक दिवसांत केली नव्हतीस. नेहमीसारखा हात देऊन त्याने मला उठवलं. त्याचा हात माझ्या हातात होता तेव्हाच मी म्हटलं, "मर्विन, किल्ल्या दे."

त्याने का म्हणून विचारलं नाही. दिल्या.

माझा पाय क्लचवर नीट पडत नाही, त्यामुळे आम्ही गोगलगायीसारखे निघालो. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. वाटेत मर्विन आपणहून बोलला. हिवाळ्यापासून सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसतं म्हणाला. डॉक्टरकडे गेलो तर गाडी बंद होईल, मग तुला शनिवारी कोण नेणार, आणि मैदान सुटलं की तू घरात बसून कुजशील, हे त्याचं म्हणणं. म्हणून गोळी सुटल्यावर मी जो हुंकार देतो त्यावरून तो अंदाज बांधायचा. मी पहिल्याच गियरवर ट्रक रेटत राहिलो. शेवटी त्यानेच सांगितलं की आता गियर बदल.

रिकाम्या चौकटीचं मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तूही गप्प राहा. लूएलाने आधी रडून घेतलं, मग डॉक्टरला फोन केला, मग दोघांना शिव्या दिल्या. मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रिया होईल.

तुझं ऐकायला उशीर करणारा भाऊ,
एर्लंड


विलो बेंड
४ ऑक्टोबर

आदरणीय थोराबाईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतःच्या डोळ्यांनी लिहितो आहे. दोन्ही डोळे उघडले. आमच्या घरचे पडदे निळे आहेत. एर्लंडचं स्वयंपाकघर पाहिलं आणि तिथे इतकी वर्षं जेवलो याचं भय वाटलं. पास्टरच्या अंगणात ट्यूलिपचे नवे कांदे लावून दिले.

आता खरं दिसतं म्हणून खरं सांगतो: तुमची दुर्बीण सामान्य आहे. तरी जोडीच्या सामन्यात आम्ही मधल्या क्रमांकावर आलो. एर्लंडच्या दोन गोळ्या भलतीकडे गेल्या, तेव्हा सवयीने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, या चुका तुझ्याच.

एक गोष्ट तो तुम्हाला सांगणार नाही, भिडस्त आहे. त्या जूनच्या शनिवारी मला काही दिसत नसतानाही मी प्रत्येक गोळी बरोबर सांगितली होती. एर्लंड म्हणतो की त्याने तुमच्या दुर्बिणीतून ताडून पाहिलं, अगदी तस्संच होतं. पहिली नऊ, डावीकडे, आणि बाकी सगळे दहा. नंतर तो कागद वाऱ्याने नेला. आता मला डोळे आहेत, तर पुढच्या शनिवारी झुडपात शोधणार आहे. सापडला की फ्रेम करून बैठकीत लावतो. एर्लंड कशाला कशाला म्हणतो, पण त्याचं काय ऐकायचं.

लूएलाचा नमस्कार. आमच्यावरचा जिव्हाळा पोळ्यांच्या रूपाने व्यक्त होत राहावा.
आपला,
मर्विन


विलो बेंड
१३ ऑक्टोबर

प्रिय थोरास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. लूएलाला सगळं सांगावं लागलं. बुधवारी तिने मर्विनला केस कापायला बसवून दिलं आणि मला मैदानावर नेलं. आता तू विचार कर: एक नऊ, डावीकडे, आणि बाकी सगळे दहा. माझ्या उभ्या आयुष्यात मी असा कागद काढलेला नाही. नऊचा दहा होत होता, दहाचा आठ. एकदा सगळे दहा आले, पण डावीकडचा नऊ विसरलो. लूएला तुझ्या दुर्बिणीला डोळा लावून बसली होती आणि पास्टरसमोर बोलता येणार नाही अशा शब्दांत मला जागा सांगत होती. उन्हं कलायला आली तेव्हा जमलं. मला उठता येईना. मी तिथेच पडून रडलो, तुला सांगायला हरकत नाही.

कागद आम्ही थर्मासमधल्या कॉफीत बुडवला, चिखलात चुरगळला आणि झुडपात अडकवला.

शनिवारी मर्विनने तो शोधून काढला. उन्हात धरून, चष्मा लावून, चष्मा काढून कितीतरी वेळ पाहिला. मग मला म्हणाला की त्याच्याकडून त्या दिवशी माझ्यावर अन्याय झाला. पहिल्या गोळीचं भोक दहाच्या रेषेला शिवतंय, म्हणजे तीसुद्धा दहाच.

तुझा, कंबर धरून बसलेला,
एर्लंड